खडू कुणाच्या हातात?

आपल्या हॉस्टेलवर काही वाद कधीच संपत नाहीत. मेसची भाजी, पंखा कितीवर ठेवायचा, आणि तिसरा म्हणजे 'पीपीटीवाले सर चांगले की खडूवाले?' परीक्षा जवळ आली की हा तिसरा वाद रंगात येतो. एक पार्टी म्हणते, पीपीटीवाल्या सरांचं बरं, स्लाइड्स ग्रुपवर येतात, झेरॉक्सचा खर्च वाचतो, आदल्या रात्री वाचल्या की पास. दुसरी पार्टी म्हणते, सरांनी फळ्यावर हाताने सोडवल्याशिवाय डेरिव्हेशन डोक्यात शिरतच नाही. चार वर्षं दोन्ही बाजू ऐकल्यावर माझं मत असं झालंय की हा वादच भलत्या जागी चाललाय.

कारण या चार वर्षांत मी खडूने झोपवणारे सर पाहिलेत आणि प्रोजेक्टरने जागं ठेवणाऱ्या मॅडमही पाहिल्यात. उलट प्रकारही भरपूर. यंत्र आलं म्हणून शिकवणारा माणूस बदलत नाही. तो आधी जे करत होता तेच करतो, फक्त जास्त वेगाने. जे सर वहीतून डिक्टेट करायचे, ते आता स्लाइडवरून डिक्टेट करतात. पूर्वी निदान लिहून घ्यायला वेळ तरी मिळायचा! आणि जे फळ्यावर आकृती अर्धवट सोडून 'आता पुढे काय होईल?' विचारायचे, ते ॲनिमेशन मध्येच थांबवून तोच प्रश्न विचारतात.

हे आत्ताच लिहायचं कारण म्हणजे आपल्याकडे ते मोठे टचस्क्रीन पॅनेल बसायला सुरुवात झालीय. फर्स्ट इयरच्या दोन वर्गांत बसलेही. ज्युनियर मंडळींना विचारलं, काय दाखवतात त्यावर? उत्तर मिळालं, 'मागच्या वर्षीच्याच पीडीएफ, पण शेवटच्या बाकावरूनही दिसतात.' चला, एवढं तरी झालं! पण एवढ्यासाठी एवढा खर्च कशाला, हा प्रश्न फी भरणाऱ्याने विचारायला हरकत नसावी.

मी मेकॅनिकलचा, म्हणून उदाहरण माझ्याच ब्रँचचं देतो. सेकंड इयरला 'थिअरी ऑफ मशिन्स' होतं. दोन डिव्हिजन, दोन शिक्षक, आणि योगायोगाने दोघांकडे फोर-बार मेकॅनिझमचं अगदी एकच ॲनिमेशन. रूममध्ये आम्ही दोन्ही डिव्हिजनचे असल्यामुळे तुलना आपोआप झाली. 'ए'मध्ये ते ॲनिमेशन तीनदा फिरलं, सगळ्यांनी नंदीबैलासारख्या माना हलवल्या, आणि 'क्लिअर?' 'येस सर' होऊन पुढची स्लाइड आली.

'बी'मध्ये मॅडमनी ते मध्येच थांबवलं. फळ्यावर मापं लिहिली: क्रँक ४० मिलिमीटर, कपलर १००, रॉकर ८०, आणि स्थिर फ्रेम ७०. म्हणाल्या, हे तर फिरतंय, दिसतंच आहे. आता कपलर १२० चा केला तर क्रँक पूर्ण फिरेल का? आधी प्रत्येकाने वहीत 'हो' किंवा 'नाही' लिहायचं, मग शेजाऱ्याशी भांडायचं. निम्म्याहून जास्त वर्ग 'हो' म्हणत होता, कारण लांबी वाढवली तर जागाच जास्त मिळेल असं वाटतं. ग्रॅशॉफचा नियम कुणाला तरी आठवला: सर्वांत लहान आणि सर्वांत लांब लिंकची बेरीज उरलेल्या दोघींच्या बेरजेपेक्षा जास्त नको. आधी १४० विरुद्ध १५०, म्हणून फिरत होतं. आता १६० विरुद्ध १५०. म्हणजे नाही फिरणार. पण मॅडम एवढ्यावर सोडेनात. नेमकी कुठे अडकेल? मग आकृत्या सुरू झाल्या. क्रँक फ्रेमच्या रेषेवर आली की तिच्या टोकापासून रॉकरच्या पिनपर्यंत अंतर उरतं ३०. आणि १२० चा कपलर व ८० चा रॉकर कितीही दुमडले तरी दोन टोकांत ४० पेक्षा कमी अंतर होतच नाही. म्हणून क्रँक त्या रेषेच्या साधारण २९ अंश अलीकडेच थांबते. हे सगळं पोरांनीच काढलं. तासाच्या शेवटी मॅडमनी कॉम्प्युटरवर कपलर १२० केला आणि ॲनिमेशन तिथेच अडकलं. वर्गात टाळ्या पडल्या म्हणे! आमच्या 'ए'मध्ये टाळ्या फक्त लेक्चर कॅन्सल झालं की पडायच्या.

पुढच्या तासाला लाइट नव्हती. मॅडमनी पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या आणि पिना आणल्या आणि स्लायडर-क्रँककडे कसं जायचं ते त्यावरच सुरू केलं. तासाचं काही अडलं नाही.

आता प्रामाणिकपणे पुढचंही सांगायला हवं. युनिव्हर्सिटीच्या पेपरला दोन्ही डिव्हिजनचे निकाल जवळपास सारखेच लागले. पेपरात प्रश्न होता 'ग्रॅशॉफचा नियम लिहा'. फरक दिसला तो ओरलला. एक्स्टर्नलनी लाकडी मॉडेल हातात देऊन विचारलं तेव्हा कोण बोलतंय आणि कोण छताकडे बघतंय, हे बाहेर रांगेत उभ्या असलेल्यांनाही कळत होतं.

काही जण म्हणतील, हा एका मॅडमचा गुण झाला, यावरून काय सिद्ध होतं? म्हणून थोडं बाहेरचं बघू. हार्वर्डचे एरिक माझूर हे फिजिक्सचे प्राध्यापक. लेक्चर उत्तम, विद्यार्थ्यांचा फीडबॅकही उत्तम. १९९० च्या सुमारास त्यांनी न्यूटनच्या नियमांवरचे अगदी साधे, गणित नसलेले प्रश्न आपल्याच वर्गाला घातले. एका मुलीने विचारलं, उत्तर तुम्ही शिकवलंत तसं लिहू की मला खरं वाटतं तसं? माझूरना कळायचं ते कळलं. त्यांनी वर्गात प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने उत्तर द्यायचं, शेजाऱ्याला पटवायचं, पुन्हा उत्तर द्यायचं, अशी पद्धत सुरू केली. तिला 'पीअर इन्स्ट्रक्शन' म्हणतात. पुढे यात क्लिकर आले, म्हणजे प्रत्येकाच्या हातात रिमोटसारखं यंत्र, बटण दाबलं की उत्तरांचा आलेख पडद्यावर. मग सगळीकडे क्लिकरची खरेदी सुरू झाली!

आता गंमत बघा. कॅनडातल्या एका कॉलेजात नॅथॅनिएल लास्री यांनी हीच पद्धत दोन वर्गांत वापरली. एका वर्गाला क्लिकर, दुसऱ्याला साधी कागदी कार्डं. २००८ साली त्यांनी निष्कर्ष छापला: विद्यार्थ्यांच्या शिकण्यात म्हणावा असा फरक नाही. क्लिकरमुळे सरांना आकडे लगेच मिळतात, नोंद राहते, लाजरी मुलं चेहरा न दाखवता उत्तर देतात, हे फायदे आहेतच. पण शिकणं झालं ते भांडण्यामुळे. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची आठवण झाली ना?

तसं पाहिलं तर फळा हीसुद्धा एके काळी नवी टेक्नॉलॉजीच होती. अमेरिकेत वेस्ट पॉइंटला लष्करी अकादमी आहे. त्या देशातलं इंजिनिअरिंगचं शिक्षण बरंचसं तिथून सुरू झालं. १८१७ ते १८३३ या काळात सिल्व्हॅनस थेयर तिथे प्रमुख होते. त्यांच्या वर्गात तुकड्या छोट्या ठेवलेल्या, आणि फळ्यापाशी उभं राहायचं ते विद्यार्थ्याने. धडा आधी स्वतः वाचून यायचा, वर्गात फळ्यावर प्रमेय किंवा गणित सोडवून समजावून सांगायचं, आणि शिक्षकाने शंका काढायच्या, रोज मार्क द्यायचे. फळा आपल्या वर्गातही आहे. पण चार वर्षांत तुम्ही स्वतः किती वेळा खडू हातात धरलात ते मोजा. माझी बेरीज एका हाताच्या बोटांवर मावते, आणि त्यातली दोन वेळा 'हॅप्पी टीचर्स डे' लिहायला.

यंत्र आलं की शिक्षण बदलणार, ही भविष्यवाणीही जुनीच. १९१३ मध्ये एडिसनसाहेबांनी सांगितलं होतं की शाळेतली पुस्तकं लवकरच बाद होतील, सगळं सिनेमातून शिकवलं जाईल. आपल्याकडे १९७५-७६ मध्ये 'साइट' प्रयोगातून उपग्रहाने सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत टीव्ही पोचवला, २००४ मध्ये खास शिक्षणासाठी एज्युसॅट सोडला, २०११ मध्ये 'आकाश' टॅबलेटचा गाजावाजा झाला. 'साइट' हा तर जगात नावाजलेला प्रयोग होता, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण प्रत्येक वेळी यंत्र वर्गाच्या दारापर्यंत पोचलं, आणि दारातून आत आल्यावर तिथे आधीपासून जे चालू होतं त्यात मिसळून गेलं.

म्हणजे यंत्राचा काहीच दोष नाही का? तसंही नाही. पीपीटीचा स्वतःचा एक स्वभाव आहे. तिच्यात सगळं आधीच तयार असतं. फळ्यावर सरांना हाताच्या वेगाने जावं लागतं, मध्ये चूक होते, पुसावं लागतं, आणि तेवढ्यात आपण विचार करतो. स्लाइडवर बारा ओळींचं डेरिव्हेशन एका टिचकीसरशी हजर! शिवाय बुलेट पॉइंटमध्ये महत्त्वाचं आणि बिनमहत्त्वाचं एकाच पंगतीत बसतं. याचं सर्वांत भयंकर उदाहरण आपल्याच क्षेत्रातलं आहे. २००३ च्या जानेवारीत कोलंबिया यान उडताना टाकीवरचा फोमचा तुकडा डाव्या पंखावर आदळला. यान वर असतानाच इंजिनिअर लोकांनी नासाला स्लाइड्समधून विश्लेषण दिलं. एका स्लाइडचं शीर्षक धीर देणारं होतं, आणि खरी गोम अगदी तळाला, बारीक अक्षरात: ज्या चाचण्यांच्या भरवशावर बोलतोय, त्यांतला तुकडा ३ घन इंचांचा होता आणि प्रत्यक्ष आदळलेला अंदाजे १९२० घन इंचांचा. ६४० पट! १ फेब्रुवारीला यान परत येताना तुटलं, आणि कल्पना चावलासह सातही जण गेले. अपघाताला कारणं पुष्कळ होती, पण चौकशी मंडळाने तांत्रिक अहवालांऐवजी स्लाइड्सवर काम भागवण्याच्या सवयीवर स्पष्ट बोट ठेवलं. त्याआधी १९८६ मध्ये चॅलेंजरच्या चौकशीत रिचर्ड फाइनमन यांनी काय केलं होतं? ओ-रिंगच्या रबराचा तुकडा क्लॅम्पमध्ये दाबून बर्फाच्या पाण्याच्या ग्लासात बुडवला, बाहेर काढून क्लॅम्प सोडला, आणि गारठलेलं रबर लगेच मूळ आकारात येत नाही हे सगळ्यांना दाखवलं. सामान काय, तर एक ग्लास पाणी.

याउलट काही यंत्रं अशी असतात की त्यांच्यातच चांगली शिकवण्याची पद्धत भरलेली असते. आयआयटी मुंबईचे 'स्पोकन ट्यूटोरियल' तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी केले असतील. सायलॅब असो की लिनक्स, साधारण दहा मिनिटांचा तुकडा, आवाज मराठीतही मिळतो, पडद्यावरचं सॉफ्टवेअर मात्र इंग्रजीतच राहतं, कारण पुढे काम त्याच्यावरच करायचंय. आणि रचना अशी की ऐकायचं, थांबवायचं, शेजारच्या खिडकीत स्वतः करून बघायचं, मग पुढे जायचं. मराठी माध्यमातून आलेल्या माझ्या एका मित्राला या 'थांबवण्या'ने वाचवलं. वर्गात सरांना पॉझ करता येत नाही आणि रिवाइंड तर त्याहून नाही. २००३ मध्ये सुरू झालेल्या एनपीटीईएलची लेक्चर्सही तो एक-एक वाक्य थांबवून ऐकायचा. तेव्हा टेक्नॉलॉजी नकोच, असं म्हणणाऱ्यांच्या पंक्तीत मला बसवू नका.

पण जुनी पद्धत किती चिवट असते पाहा. आपली जर्नल हाताने लिहायची, असा नियम आहे, म्हणजे कॉपी होऊ नये. पूर्वी सीनियरच्या फाइलमधून उतरवायचे. २०२२ च्या शेवटी चॅटजीपीटी आलं. आता पोरं उत्तर चॅटजीपीटीकडून घेतात आणि निळ्या पेनने सुंदर अक्षरात फाइलमध्ये उतरवतात. जगातली सर्वांत नवी टेक्नॉलॉजी आली आणि सबमिशनच्या आदल्या रात्रीचं दृश्य तेच राहिलं! 'उत्तर लिहून आणा' असं सांगितलं की उतरवलेलंच येणार. एका सरांनी मात्र यावर्षी चॅटजीपीटीचंच एक उत्तर छापून दिलं आणि त्यातल्या तीन चुका काढायला सांगितल्या. त्या रात्री आमच्या विंगमध्ये स्टीम टेबल उघडून बसलेली मंडळी मी पहिल्यांदाच बघितली.

आता जरा आपल्याकडे वळू, कारण सगळं स्टाफवर ढकलून हा लेख संपवणं सोयीचं असलं तरी बरोबर होणार नाही. गेल्या वर्षी एक तरुण सर कॉन्ट्रॅक्टवर आले होते. पीपीटी कमी, प्रश्न जास्त. मोबाइलवर पोल घ्यायचे, उत्तरं बघून शिकवणं बदलायचे, कुणालाही फळ्यावर बोलवायचे. पहिले दोन आठवडे मजा वाटली. मग कुरकुर सुरू झाली. 'सर स्वतः काही शिकवत नाहीत, आम्हालाच विचारतात.' 'नोट्स देत नाहीत.' 'सिलॅबस मागे पडलाय.' सेमिस्टरच्या शेवटी फीडबॅकमध्ये त्यांना डिपार्टमेंटमधले जवळजवळ सर्वांत कमी मार्क पडले. कॉन्ट्रॅक्टवरच्या माणसाला हा कागद परवडत नाही. पुढच्या सेमिस्टरला सर आले ते पेन ड्राइव्ह घेऊन. एका युनिटला ८० स्लाइड्स, प्रश्न शून्य. फीडबॅक एकदम सुधारला!

यावर पोरांना नुसतं नावं ठेवण्यात अर्थ नाही, कारण हे हार्वर्डमध्येही घडतं. २०१९ साली लुई डेलॉरिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या फिजिक्सच्या विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. तोच विषय काहींना गुळगुळीत लेक्चरने शिकवला, काहींना गटात प्रश्न सोडवायला लावून. चाचणीत दुसरे पुढे होते. पण 'तुम्ही किती शिकलात असं वाटतं?' याला लेक्चरवाल्यांनी जास्त मार्क दिले. डोक्याला त्रास झाला की आपल्याला वाटतं, समजत नाहीये. सरांनी भराभर सोडवून दाखवलं की वाटतं, सगळं समजलं. गणित स्वतः सोडवायला बसेपर्यंत हा भ्रम टिकतो. आणि आपला फीडबॅक फॉर्म नेमकं हे 'वाटणं' मोजतो. त्यात एक रकाना आहे, शिक्षक आयसीटी साधनं वापरतात का? प्रोजेक्टर चालू असला की 'हो'. नॅकच्या फाइलला हीच माहिती लागते, त्यामुळे तो रकाना का आहे हे कळतं. पण 'शिक्षकांनी तुम्हाला विचार करायला लावलं का, तुमचं उत्तर ऐकलं का', असा रकानाच नाही.

स्टाफची बाजूही मला ठाऊक आहे. सत्तरचा वर्ग, आठवड्याला तास ठरलेले, युनिव्हर्सिटीचा पेपर डोक्यावर, वर कागदपत्रांचा ढीग. प्रश्न विचारत बसलो तर सिलॅबस कोण संपवणार? पण आयआयटी मुंबईत फर्स्ट इयरच्या प्रोग्रॅमिंगच्या सुमारे ४५० मुलांच्या वर्गात 'थिंक-पेअर-शेअर' करून पाहिलं: आधी एकट्याने विचार, मग जोडीने, मग वर्गासमोर. २०१३ मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात सरासरी ८३ टक्के मुलं त्या वेळात कामात गुंतलेली दिसली. तिथली मुलं वेगळी म्हणून सोडून द्यायचं असेल, तर २०१४ मध्ये विज्ञान, गणित आणि इंजिनिअरिंगच्या २२५ अभ्यासांची एकत्र बेरीज अमेरिकेत केली गेली. नुसत्या लेक्चरच्या वर्गांत शंभरात साधारण ३४ नापास, आणि मुलांना काम करायला लावणाऱ्या वर्गांत २२. शंभरात बारा केटी कमी! सिलॅबस वेळेत संपवून जर ते बारा जण पुढच्या सेमिस्टरला पुन्हा त्याच पेपरला बसणार असतील, तर तो नक्की कुणासाठी संपवला?

उरलेल्या वर्गांत पॅनेल येणारच आहेत, ती थांबवा असं मी म्हणत नाही. पॅनेलबरोबर कंपनीचा माणूस येऊन बटणं कुठली दाबायची याचं दोन तासांचं ट्रेनिंग देऊन जातो, असं ऐकलंय. त्याच दिवशी आणखी एक तास ठेवावा, आणि आपल्याच कॉलेजातल्या ज्या दोन-चार शिक्षकांच्या तासाला पोरं झोपत नाहीत, त्यांना बाकीच्यांसमोर एक टॉपिक शिकवायला सांगावं. बाकावर बसायला आम्ही येऊ, अगदी रविवार असला तरी. आणि फीडबॅकचा पुढचा फॉर्म निघायच्या आधी त्यात एक ओळ वाढवावी: 'या विषयाच्या तासात तुम्ही स्वतः काही सोडवलंत का, आणि किती वेळा?' स्टुडंट कौन्सिलच्या येत्या मीटिंगला मी हा मुद्दा लेखी देतोय. सही करायला रूम नंबर विचारत कुणी आलं तर बरं वाटेल. रात्री साडेनऊनंतर मी मेसमध्येच असतो, खिडकीजवळच्या टेबलावर.